बेणायला माणसं सांगितली आहेत

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

बाबा, रागावू नका. सोमवारपासून वाडीतल्या दोघी जणी चार दिवस वैरणीच्या नेपियर गवतातलं तण बेणायला येणार आहेत. मजुरी आगाऊ दिली आहे, तेव्हा त्यांना परत पाठवू नका. तुमच्याने होत नाही असं मुळीच नाही. पण अंगठ्याजवळ कापलेलं असताना तुम्ही अनवाणी चिखलात उकिडवे बसता, हे आईने सांगितलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही. साखर आहे तुम्हाला. उंदरांच्या मुतातला लेप्टो, त्या तापाचा जंतू, अशाच जखमेतून शिरतो.

आणि हे काम काही कायमचं नाही. कांड्यांना फुटवे येईपर्यंत, पहिला दीड-दोन महिनाच गवत दुबळं असतं. एकदा ओळी मिळाल्या की त्याच्या सावलीत तण डोकं काढत नाही. तेवढ्यापुरतीच माणसं.

त्यांना एवढं सांगा, लव्हाळा नुसता उपटला तर शेंडा हातात येतो आणि गाठ खालीच राहते. खुरप्याने गाठीसकट काढायचा. रानमोडी मुळासकट. टाकळा शेंगा धरायच्या आत. आई, कोवळा आहे तोवर भाजीला खुडून घे, बाबांना खोबरं घातलेली आवडते. आणि टू-फोर-डी तणनाशक मारायचं मनात आणू नका. गवताला ते काही करत नाही हे खरं, पण वाऱ्याने उडालं तर मांडवावरची पडवळ-काकडी जाईल.

बाबा, तुम्ही इरलं पांघरून बेणायचात आणि मी बांधावर बसून लाजाळूची पानं मिटवायचे. सगळं तण काढलंत तरी ते एक झाड ठेवायचात, ‘हे तायचं’ म्हणून. परवा बसमध्ये आठवलं आणि डोळे भरून आले.

गमबूट पाठवलेत, आत सुके मोजे घालूनच चालायचं. रात्री पाय कोमट पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करायच्या. ताप किंवा पोटऱ्या दुखल्या तर काढा पीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे. आई, तू बघ. आणि तुझं अंथरूण खिडकीपासून हलव, तिथे पागोळ्या उडतात.

कपिली गाईला यंदा त्या गवताच्या तुकड्यात सोडू नका, मुळं धरली नाहीत अजून, तिने ओढलं की ठोंबच उपटून येईल. पहिली कापणी गणपतीला. मी चार दिवस आधी येते. विळ्याला तेवढी धार लावून ठेवा, कापणार मी. तुम्ही पडवीत बसून कुठून कापायचं ते सांगा.

तुमची,
ताय