हेलनने खोटं नाव का घेतलं

प्रिय मित्रा,

मागे फोनवर तू म्हणालास की एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत बाईचं स्वातंत्र्य वगैरे शोधण्यात अर्थ नाही, शेवटी सगळ्या लग्न करूनच थांबतात. तेव्हा घाईत नीट बोलणं झालं नाही आणि ते डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र, जरा लांबणार आहे, चहा घेऊन बस.

एक तर मान्य, लग्नं होतात. पण लग्नाच्या आधी काय होतं ते बघ ना. शार्लट ब्राँटेची जेन एअर तिच्या जुन्या मालकाकडे, रॉचेस्टरकडे, परत जाते ती कधी, तर मदिरा बेटावरच्या काकाचे वीस हजार पौंड मिळाल्यावर, आणि ते पण ती एकटी ठेवत नाही, स्वतःत आणि तीन आत्तेभावंडांत वाटते, प्रत्येकी पाच हजार. म्हणजे ती परत येते ती स्वतःच्या पैशावर, नोकर म्हणून नाही. छानच आहे, पण मला नेहमी वाटतं की तो काका मेला नसता तर? शार्लटने जेनला मोकळं केलं ते वारशाने. तिच्या धाकट्या बहिणीने, अ‍ॅनने, जिला सगळे विसरतात, तिने वारसा बाजूला ठेवून विचारलं की बाईने स्वतः कमवायचं म्हटलं तर? ती कादंबरी म्हणजे 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल', 1848 ची, अ‍ॅक्टन बेल या पुरुषी टोपणनावाने आलेली.

गोष्ट थोडक्यात सांगते. हेलन प्रेमात पडून आर्थर हंटिंग्डनशी लग्न करते, तो दारुडा, बाहेरख्याली, आणि मुलगा जरा मोठा झाल्यावर मित्रांबरोबर बसून त्या एवढ्याशा पोराला वाइन प्यायला आणि शिव्या द्यायला शिकवतो. हेलन आधी सरळ विचारते, मला मुलगा आणि माझे उरलेले पैसे घेऊन जाऊ दे. तो नाही म्हणतो. आणि कायदा पूर्ण त्याच्या बाजूने होता रे, हे लक्षात घेतलं नाही तर कादंबरी कळतच नाही. लग्न झालं की बाईचा पैसा, दागिने, तिने कमावलेली पै न् पै नवऱ्याची, मुलंही नवऱ्याची. सात वर्षांखालच्या मुलाच्या ताब्यासाठी आईला निदान अर्ज तरी करता यावा ही सोय 1839 मध्ये झाली, तीसुद्धा कॅरोलाइन नॉर्टन नावाच्या बाईने स्वतःची मुलं गमावून भांडण मांडलं तेव्हा. स्वतःच्या कमाईवर बायकोचा हक्क 1870 ला आला आणि बाकी मालमत्तेवर 1882 ला. कादंबरीतलं पळून जाणं आहे 1827 चं. म्हणजे हेलनने मुलगा उचलून नेला तर ती कायद्याने चोरच.

तर ती गुपचूप ठरवते की चित्रं विकून जगायचं. हौस म्हणून नाही, पोटासाठी. दिवाणखान्यात बसून डायरी लिहीत असते तेव्हा हंटिंग्डन ती हिसकावून वाचतो आणि सगळा बेत फुटतो. पुढचं पान मी कितीदा वाचलंय. तो तिच्याकडून चाव्या घेतो, कपाटाच्या, ड्रॉवरच्या, सगळ्या, आणि मग लायब्ररीत जाऊन तिचे रंग, ब्रश, पॅलेट, व्हार्निश एकेक करून आगीत टाकतो, पॅलेटच्या सुऱ्या मोडतो, तेल आणि टर्पेंटाइन टाकल्यावर जाळ भसकन धुराड्यात चढतो. मग घंटी वाजवून नोकराला बोलावतो आणि सांगतो की हा ईझल वगैरे घेऊन जा, कामवालीला सांग आग पेटवायला होईल. नंतर पैसे आणि दागिने काढून घेतो. तो तिला मारत नाही. त्याला बरोबर माहितीये की या बाईचं पळून जाणं कुठे आहे, ते त्या ब्रशांत आहे. अत्याचाराचं इतकं नेमकं वर्णन मी फार थोड्या ठिकाणी वाचलंय.

तरीही ती निघते, पहाटेच्या अंधारात, मुलगा आणि जुनी मोलकरीण रेचेल यांना घेऊन, भावाच्या मदतीने, एका पडक्या घरात राहायला. आईचं माहेरचं आडनाव लावून मिसेस ग्रॅहम होते, विधवा म्हणून राहते. गावातला गिल्बर्ट पहिल्यांदा तिच्या स्टुडिओत येतो तेव्हा तिने स्वतःचं राहतं घरच काढलेलं असतं पण खाली लिहिलेलं असतं फर्नली मॅनर, कंबरलंड. तो विचारतो असं का, आणि तिला सांगावं लागतं की मी कुठे राहते हे काही जणांना कळू नये म्हणून. विचार कर, चित्र आपण काढायचं, पैसे आपण मिळवायचे आणि त्यावर ना आपलं नाव ना खरी जागा. तिची चित्रं लंडनला विकायला जातात ती लपून, कारण कमाई सापडली तर कायद्याने नवऱ्याचीच. आणि गावातल्या बायका काय बोलतात, तर मुलाला पदराला बांधून ठेवते, बायल्या करणार त्याला, आणि भाऊ येतो-जातो, तो भाऊ हे गावाला माहीत नाही, तर त्याच्याशीच संबंध जोडतात. हे तुला-मला अजिबात परकं नाही.

इथे मला आपल्या रखमाबाई आठवतात, आणि हा उगाच ओढूनताणून आणलेला धागा नाही. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, आणि नवऱ्याने मुंबई हायकोर्टात जो दावा लावला त्याचा कायदा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हताच, तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टातून आलेला, हेलनच्या काळी तिकडे चालायचा तोच. इंग्लंडने 1884 मध्ये या नकारासाठी तुरुंगात टाकणं बंद केलं, आणि इकडे 1887 मध्ये जस्टिस फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याभरात नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी 1888 ला दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, मग लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेत दवाखाना सांभाळला. हेलन लपली, रखमाबाई नावानिशी उभ्या राहिल्या.

आणि त्याच सुमाराला, 1890 पासून, हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' कादंबरीतली यमू 'करमणूक' साप्ताहिकात येत होती. तिला नवऱ्याने प्रेमाने शिकवलं, मुंबईला नेलं, पण हातात स्वतःची कमाई नाही, त्यामुळे तो गेल्यावर तिच्या शिकण्याचा काडीचा उपयोग झाला नाही, जबरदस्तीने केशवपन झालं आणि ती काही करू शकली नाही. म्हणून मी सारखी पैशावर येते. मला या सगळ्या नायिका वाचताना धीट संवादांपेक्षा हेच बघावंसं वाटतं की चाव्या कुणाकडे आहेत.

हेलन नवरा आजारी पडल्यावर परत जाते, यावर तू नक्की नाक मुरडशील. मलाही ते जड जातं. पण मुलाला भेटवण्याआधी ती त्याच्याकडून कागद लिहून घेते, मुलगा तिच्याकडेच राहील असा, सही करून, रेचेलला साक्षीदार ठेवून. मरणाऱ्या माणसासमोर बसून कागदावर सही घेणारी बायको! तिला कळलेलं असतं की दया वेगळी आणि हक्क वेगळा.

गिल्बर्ट मात्र मला आवडत नाही, तो संशयावरून हेलनच्या भावाच्या डोक्यात चाबकाची मूठ घालतो, आणि तिने त्याच्याशी लग्न करावं हे अजून पटत नाही. निदान तोवर ती स्वतः इस्टेटीची मालकीण झालेली असते आणि मागणी तीच घालते, बर्फातलं 'ख्रिसमस रोझ'चं फूल हातात देऊन.

अ‍ॅन 1849 मध्ये स्कारबरोला वारली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. भाऊ ब्रॅनवेल दारूने कसा उद्ध्वस्त झाला ते तिने घरात बघितलं होतं, त्यामुळे हंटिंग्डन कुठून आला हे विचारायला नको. नंतर शार्लटनेच ही कादंबरी पुन्हा छापायला नकार दिला, विषयच चुकला म्हणाली. मला याचा राग येतो, अजूनही.

आता विकत घेताना एक बघ. 1854 ला एका प्रकाशकाने स्वस्त आवृत्तीसाठी मजकूर कापला आणि तीच कापलेली प्रत पुढे अनेक वर्षं छापत राहिले. पूर्ण कादंबरी गिल्बर्टने हॅलफर्ड नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्राने सुरू होते. ते पत्र नसेल आणि थेट 1827 च्या शरदापासून सुरुवात असेल तर ती घेऊ नकोस. वाच आणि मला त्या कागदावरच्या सहीबद्दल काय वाटलं ते कळव, सविस्तर लिही, मेसेज नको.

तुझी मैत्रीण