लहान कुत्र्याला घर शोधताना घाई नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाळलेले लहान जातीचे कुत्रे रस्त्यावर सोडून दिल्याचे प्रकार नाशिकमध्ये वरचेवर नजरेस येतात. दयाळू माणसे त्याला उचलतात, दवाखान्यात नेतात, खाऊपिऊ घालतात आणि मग जो पहिला मागेल त्याच्या हाती सोपवून मोकळी होतात. या शेवटच्या टप्प्यावरच्या घाईबद्दल मला लिहायचे आहे.

सध्या माझ्याकडे अशी एक मादी आहे. गंगापूर रोडवर एका बंद दुकानाच्या पायरीखाली ती सापडली. इंडियन स्पिट्झ, म्हणजे आपल्याकडे सरसकट पॉमेरियन म्हणून विकली जाते ती जात. कानामागच्या केसांच्या जटा कातरून काढाव्या लागल्या, तेव्हा त्याखाली गोचिडांचा थर निघाला. सड लोंबलेले होते, पुढचे दात काही झिजलेले, काही पडलेले. तिची अनेक बाळंतपणे झाली असावीत आणि गर्भाशयात पू झाला आहे, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले. शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढल्यामुळेच ती वाचली. पिल्ले मिळेनाशी झाल्यावर तिला कोणीतरी आणून सोडले, असा माझा तर्क आहे.

पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, असे कुत्र्यांच्या पैदाशी व विक्रीचे २०१७ चे नियम सांगतात. प्रत्यक्षात बंद खोल्यांमध्ये विनानोंदणी पैदास चालते. पाळलेल्या जनावराला उपाशीतापाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये! ही रक्कम बदलल्याशिवाय या कलमाचा धाक कोणाला वाटणार?

तिच्यासाठी घर शोधतो आहोत असे कळताच विचारणा भरपूर झाली. त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न होता, "हिला पिल्लं होतील ना?" नाही म्हटल्यावर बोलणे तिथेच संपले. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, लहान जातीची मादी कोणाच्याही हाती देण्यापूर्वी तिची नसबंदी झालेलीच असावी. नाहीतर आपण तिला ज्या खोलीतून वाचवले तशाच दुसऱ्या खोलीत स्वतःच्या हाताने नेऊन बांधतो. एका गृहस्थांना मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून कुत्रा हवा होता, आणि घरातल्या आजींना तो मुळीच नको होता. अशा घरी मी नकार दिला, आणि तो दिल्याचे मला समाधान आहे.

जे घर मनापासून तयार आहे तिथे स्वतः जाऊन यावे. गॅलरीच्या गजांमधून सहा किलोचे कुत्रे सहज निसटते, ते पाहावे. भाड्याचे घर असेल तर मालकाची संमती आहे का, दिवाळीत सगळे गावी गेले तर हिला कोण सांभाळणार, हे आधीच विचारावे. या जातीला बारा ते पंधरा वर्षांचे आयुष्य मिळू शकते, त्यामुळे निवृत्त जोडप्याने घ्यायचे ठरवले तर त्यांच्यानंतर जबाबदारी घेणाऱ्या मुलाशी किंवा भाचीशीही बोलून ठेवावे. खरे तर वयात आलेले, शांत, शी-शूची सवय लागलेले कुत्रे अशा घराला पिल्लापेक्षा कितीतरी सोयीचे, पण पिल्लाचा हट्ट सुटत नाही.

नव्या घरी पहिले काही दिवस ती पलंगाखालून बाहेर येणार नाही, कदाचित जेवणारही नाही. म्हणून लगेच आंघोळ घालू नये, पाहुण्यांना दाखवायला ओढून काढू नये. तिचे जुने अंथरूण, न धुता, सोबत द्यावे. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरावा, कारण या जातीची श्वासनलिका नाजूक असते आणि बिथरलेले कुत्रे गळपट्ट्यातून मान सोडवून पळते. तिथे जमलेच नाही, तर ती आमच्याकडे परत यावी, दुसऱ्या कोणाला परस्पर देऊ नये, हे लेखी घ्यावे.

भटकी कुत्री दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटले आहे. त्याच धर्तीवर सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांचीही नोंदवही महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाने ठेवावी, आणि नसबंदी व रेबीजची लस झालेल्या कुत्र्यांची माहिती आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा चार ओळींत छापावी, अशी माझी विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, नाशिक