हीटर बदलण्याआधी व्हॉल्व बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की नाशिकला थंडी पडायला लागते आणि गंगापूर धरणाकडचे, त्र्यंबक रोडचे फार्महाऊसवाले, बंगलेवाले यांचे फोन चालू होतात की पूलचा हीटर चालत नाही, पाणी कोमटसुद्धा होत नाही, नवीन बसवू का. मी स्विमिंग पूलच्या प्लंबिंगचं काम करतो आणि सगळ्यांना एकच सांगतो, आधी व्हॉल्व बघा. बऱ्याच वेळा हीटर चांगला असतो, पाणीच चुकीच्या रस्त्याने फिरत असतं.

मागच्या थंडीत एका ठिकाणी पूल आणि स्पा (गरम पाण्याचा छोटा टब) एकाच पंपावर होते, दोघांना मिळून एकच हीट पंप, म्हणजे पाणी तापवणारं मशीन, आणि मालकांनी नवीन मशीनचं कोटेशनही घेऊन ठेवलेलं. बघितलं तर सक्शनचा (पाणी पंपाकडे ओढणाऱ्या पाइपचा) व्हॉल्व बरोबर स्पाकडे, पण रिटर्नचा (पाणी परत सोडणाऱ्या पाइपचा) अर्धवट फिरवलेला, म्हणजे तापलेलं पाणी निम्मं स्पात आणि निम्मं पूलमध्ये चाललेलं. स्पाची लेव्हल उतरते म्हणून केअरटेकर वरून नळीने बोअरचं गार पाणी सोडत बसलेला. त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं की स्पा तापवायचा तर सक्शन आणि रिटर्न दोन्ही पूर्ण स्पाकडे पाहिजेत.

1,000 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला साधारण 1.16 किलोवॅट-तास उष्णता लागते. स्पात 2,000 लिटर धरले तर 18 अंशांवरून 38 वर न्यायला 46 च्या आसपास, म्हणजे 12 किलोवॅट उष्णता देणारा हीट पंप चार तासांत काम उरकतो (वरून झाकण घातलेलं असेल तर, आणि कडक थंडीत जरा जास्त वेळ धरा). तेच 1 लाख लिटरच्या पूलला नुसता 1 अंश चढवायला त्याच मशीनला जवळपास दहा तास लागतात. आता निम्मं गरम पाणी तिकडे गेल्यावर मशीन तरी काय करणार?

थ्री-वे व्हॉल्वच्या (तीन पाइप जोडलेल्या व्हॉल्वच्या) हँडलवर बहुतेक वेळा ऑफ लिहिलेलं असतं, ते ज्या पाइपकडे येतं तो पाइप बंद. एवढं जरी केअरटेकरला दाखवलं आणि प्रत्येक व्हॉल्वला पूल, स्पा, बायपास असे टॅग लावले तरी निम्म्या तक्रारी येणारच नाहीत. पण काम संपवून जाताना पंपरूमच्या भिंतीवर साधा लाइन डायग्राम लावायचे कष्टही बरेच कॉन्ट्रॅक्टर घेत नाहीत, याचा मला खरंच राग येतो. मालकांनी डायग्राम मिळेपर्यंत शेवटचं पेमेंट देऊ नये.

पाइपांचा क्रमही बघून घ्या, आधी पंप, मग फिल्टर, मग हीटर आणि क्लोरिनेटर (पाण्यात क्लोरीन सोडणारं यंत्र) सगळ्यात शेवटी, या दोघांच्या मध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा. क्लोरिनेटर हीटरच्या आधी असेल किंवा तो व्हॉल्व नसेल तर कडक क्लोरीनचं पाणी हीटरमध्ये जातं आणि आतलं तांबं खातं. हीटरला तीन व्हॉल्वचा बायपास (हीटरला वगळून पाणी पुढे नेणारा रस्ता) पाहिजेच, कारण पंप मोठा असेल तर सगळं पाणी हीटरमधून ढकलायचं नसतं, जास्तीचं बायपासने काढायचं, आणि हीटर रिपेअरला गेला तरी फिल्टरेशन चालू राहतं. पण बायपास जास्त उघडला की हीटरला पाणी कमी पडतं आणि तो ट्रिप होतो. फिल्टर चोक झाला तरी तेच होतं, म्हणून प्रेशर गेज बघून वेळेवर बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, कमी फ्लोवर तापलं की क्षार आत बसतात, मग फ्लो अजून कमी.

आणि आता जे सांगतोय ते जिवाशी खेळ आहे म्हणून सांगतोय. हीटर सारखा ट्रिप होतो म्हणून काही लोक फ्लो स्विचला (पाणी फिरत नसेल तर हीटर बंद करणाऱ्या स्विचला) वायर जोडून तो बाद करून टाकतात. पाणी फिरत नसताना हीटर चालू राहिला तर आत पाणी उकळतं, पाइप मऊ पडून जॉइंट सुटतात, माणूस भाजू शकतो. असं कोणी करून देत असेल तर करू देऊ नका. तसंच स्पाकडे सक्शन फिरवल्यावर पंपाची सगळी ओढ स्पाच्या तळाच्या जाळीवर येते, तिथे एकच जाळी असेल किंवा ती तुटलेली असेल तर लहान मुलाचे केस, हात अडकू शकतात. एकमेकांपासून लांब दोन जाळ्या पाहिजेत आणि दोन्ही शाबूत पाहिजेत. स्पाचं तापमान 40 अंशांच्या वर नको, लहान मुलांना तर एवढंही जास्त होतं आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

वीकेंडला भाड्याने देणाऱ्या फार्महाऊसवाल्यांना हात जोडून विनंती, गेस्ट यायच्या आधी पंप चालू करून या दोन्ही जाळ्या आणि फ्लो स्विच स्वतः बघा, केअरटेकरवर सोडू नका.

आपला नम्र,
एक पूल प्लंबर, सातपूर, नाशिक