हलक्या तुकड्यांच्या माघारीबाबत तक्रार

निपाणी, जि. बेळगाव
दि. ८ जानेवारी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: नव्या अपडेटनंतर स्कर्मिशर (पुढे राहून भाले फेकणाऱ्या हलक्या) तुकड्या भलत्याच दिशेला पळत असल्याबाबत

महोदय,

तुमच्याकडे मराठीतूनही तक्रार घेतली जाते, म्हणून मराठीतच लिहितो आहे.

तुमचा प्राचीन युद्धांचा गेम मी दोन वर्षांपूर्वी पूर्ण किंमत देऊन घेतला. मी इथल्या मराठी शाळेत इतिहास शिकवतो. रविवारी दुपारी पुतणी येते आणि एकाच कॉम्प्युटरवर आम्ही आळीपाळीने चाली करतो. ती कार्थेज, मी रोम.

परवा ट्रेबियाची लढाई (इ.स.पू. २१८) लावली होती. माझे वेलाइट, म्हणजे रोमचे हलके भालेफेके, पुढे होते. त्यांच्या मागे हस्तातींच्या, म्हणजे जड पायदळाच्या, दोन तुकड्यांत नकाशावरचं एक घर मी मुद्दाम मोकळं ठेवलं होतं. पुतणीने तिरक्या बाजूने जड घोडदळाचा चार्ज केला. वेलाइट पळाले, इथवर ठीक. पण मागच्या मोकळ्या घरात न शिरता ते घोड्यांच्या धावेच्या रेषेतच तिरके सुटले, रांगेच्या टोकाबाहेरून नदीच्या अंगाला गेले आणि पुढच्याच चालीत घोड्यांखाली सापडले. दुसरी तुकडी तर नकाशाबाहेर गेली ती परत आलीच नाही. लढाई पुतणीने जिंकली, पण तीच म्हणाली, "काका, हे काही मी जिंकलेलं नाही, परत लावूया."

तीच सेव्ह फाइल मी दहा वेळा चालवली. सात वेळा हेच झालं. चार्ज समोरून सरळ आला की तुकडी नीट मागे येते, तिरका आला की बिघडतं. म्हणजे शत्रू कुठून आला एवढंच बघून दिशा ठरते, आपली रांग कुठे आहे ते बघितलंच जात नाही. मॅन्युअलमध्ये मात्र अशी तुकडी शक्य असेल तिथे आपल्या रांगेमागे जाते, असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि अपडेटच्या आधी तसंच व्हायचं.

मागच्या पत्राला उत्तर आलं की पळण्याचं अंतर नशिबावर ठेवलं आहे. अंतराबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. घाबरलेला माणूस एखादं घर कमी-जास्त पळणारच. मी दिशेबद्दल विचारलं होतं, आणि त्याबद्दल उत्तरात एक शब्द नाही.

याच ट्रेबियाबद्दल ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की रोमन हलक्या पायदळाचे बहुतेक भाले कार्थेजच्या न्यूमिडियन स्वारांवर आधीच संपले होते, उरलेले ओलीने निकामी झाले होते. तरीही ते जड पायदळातल्या मोकळ्या जागांतून मागे गेले. अंगात चिलखत नाही, हातात तीन फुटी गोल ढाल, अशा माणसाला मागची वाट हाच आधार. ग्रीसमधल्या लेखायऑनला (इ.स.पू. ३९०) अथेन्सच्या इफिक्रेटिसच्या पेल्टास्टांनी, म्हणजे हलक्या भालेफेक्यांनी, सुमारे ६०० स्पार्टनांपैकी २५० मारले, तेही असंच: स्पार्टन अंगावर आले की मागे सरायचं, वळले की पुन्हा भाले. आणि पाठीशी अथेन्सच्याच कॅलियासचं जड पायदळ उभं होतं.

आमच्या शेतात सध्या शाळू हुरड्याला आला आहे. लहानपणी माळ्यावर उभा राहून मी गोफणीने पाखरं हाकलली आहेत. रानडुक्कर अंगावर आलं तर राखणीचा पोरगाही माळ्याकडे धावतो, ओढ्याकडे नाही. तुमच्या गेममधल्या शिपायाला एवढं कळायला हवं.

म्हणून विनंती आहे की दिशेचा हा दोष दुरुस्त करावा आणि तोवर जुनी आवृत्ती परत घेण्याची सोय द्यावी. बदल मुद्दाम केला असेल तर मॅन्युअल तरी बदला. यातलं काहीच होणार नसेल, तर गेल्या महिन्यात घेतलेल्या नव्या भागाचे पैसे परत करा. तो मी याच लढायांसाठी घेतला होता.

सेव्ह फाइल सोबत जोडली आहे. चौथ्या चालीला उघडा आणि कार्थेजच्या डाव्या टोकाच्या घोडदळाला चार्ज करायला लावा.

आपला,
एक ग्राहक