ऑपरेशनची तारीख ठरली

ती. आई-बाबांस,
सा. न.

योनी घडवायच्या माझ्या ऑपरेशनची तारीख ठरली. फोनवर विषय काढला की आई रडते आणि बाबा ‘बरं’ म्हणून फोन ठेवतात, म्हणून लिहितेय. शिवाय बाबा, तुम्ही रात्री जागून नेटवर नको ते वाचणार. त्यापेक्षा माझ्याकडून ऐका. अवयवांची नावं येतील, इलाज नाही.

हे काल-परवाचं खूळ नाही. जॉर्ज बुरू या डॉक्टरांनी 1956 मध्ये कासाब्लांकात ही पद्धत सुरू केली. पुढे तीच सुधारत गेली. आई म्हणते ‘कापून टाकणार’. अगं, काढतात ती मुख्यतः वृषणं आणि शिश्नाचा आतला ताठर होणारा भाग. बाकी बरंचसं तिथंच वापरतात. शिश्नाची त्वचा उलटवून आत घेतात, तिचंच योनीचं अस्तर होतं. कमी पडली तर वृषणकोशाची त्वचा जोडतात. टोकाचा छोटा भाग नसा-रक्तवाहिन्यांसकट जपून त्याची क्लिटोरिस, म्हणजे बायकांच्या योनीच्या वरचा संवेदनशील दाणा, करतात. म्हणजे संवेदना राहावी यासाठीच सगळा खटाटोप. त्या त्वचेवरचे केस आधीच मुळापासून काढावे लागतात, नाहीतर ते आत उगवतात. एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून. महिनोन् महिने तेच चाललं होतं, तुम्हाला बोलले नाही इतकंच. प्रोस्टेट मात्र जागेवरच राहतं, त्यामुळे बाबा, पुढे आपण दोघंही त्याची तपासणी करणार. हसलात तरी चालेल.

आतड्याचा तुकडा वापरूनही योनी करतात. पण मग पोटातलं ऑपरेशन, आतड्याचा जोड आणि सततचा स्राव. माझी त्वचा पुरेशी आहे, तर ते कशाला? नुसता बाहेरचा भाग घडवायचा, आत पोकळी करायचीच नाही, असंही असतं. त्यात जोखीम कमी, हे बाबांचं म्हणणं खरंय. पण मला तेवढ्यावर थांबायचं नाही.

आता धोके. पोकळी गुदाशय आणि मूत्रमार्ग यांच्या मधे करतात आणि तिथं जागा अगदी थोडी. गुदाशयाला इजा झाली तर फिस्चुला होऊ शकतो, म्हणजे मल योनीतून येऊ लागतो. शंभरात एखाद-दुसरीला होतं. मग पुन्हा ऑपरेशन, क्वचित काही काळ मलासाठी पोटावर पिशवी. आई, लगेच तात्या आठवू नकोस. त्यांचं दुखणं वेगळं होतं. टाके उसवणं, जखमेवर जास्तीचं लाल मांस वाढणं, लघवीची धार वाकडी जाणं हे त्यामानाने नेहमीचं आणि आटोक्यातलं.

पोकळी आकसू नये म्हणून डायलेटर लागतो. सरळ, गुळगुळीत दांडी, टोक गोल, किती आत गेली ते कळावं म्हणून दांडीवर ठिपके. सुरुवातीला दिवसातून अनेकदा, पुढे कमी, पण पूर्ण सुटका नाही. इतकी वर्षं दात घासलेच ना, हेही करेन.

सोबतीला मैत्रीण राहणार आहे. बसायला मऊ उशी, पोट साफ राहायचं औषध, सगळं घेऊन ठेवलंय. टॉन्सिल काढले तेव्हा आई रात्रभर माझा अंगठा धरून बसली होती. आताही तसंच कुणीतरी बसावं असं वाटतंच गं. पण पहिले पाच-सात दिवस आत पट्टी भरलेली आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेल, मी पडूनच असेन. ते पाहून तुम्हीच आजारी पडाल. सगळं निघालं की या आणि राहा हवं तितकं.

येताना बाबांनी बीपीच्या गोळ्या स्वतः मोजून घ्यायच्या, आईवर सोडायच्या नाहीत. आणि सिगारेट माझ्या खोलीत चालणार नाही. निकोटिनने जखम भरायला त्रास होतो, मीही केव्हाच सोडली आहे. आईने गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय प्रवास करायचा नाही. आत्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. ‘ऑपरेशन झालं, बरी आहे’ एवढं पुरे. फक्त ‘बरा’ म्हणू नका.

तुमची,
ताई (धाकट्याने म्हणायला सुरुवात केलीच आहे)