तारा ओढून झाल्या आहेत

प्रिय आई, बाबा,

सेन्सर लावायचं मी तुम्हाला न विचारता ठरवलं. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "आम्ही काय आजारी आहोत का?" आणि मी गप्प बसले असते. घरात कॅमेरा नाही, माईक नाही. पॅसेजमधला पांढरा घुमट फक्त हलणारी ऊब ओळखतो. कोण गेलं ते त्याला कळत नाही. आई, तू रात्री तीनदा उठलीस तरी मी काही विचारणार नाही. सकाळी आठपर्यंत त्याने काहीच टिपलं नाही, तरच फोन करेन.

पण तार सुटली तरी मला इथे तशीच शांतता दिसते. इतक्या लांबून दोन्हीतला फरक कळत नाही आणि जीव घाबरतो. म्हणून हे पत्र.

बाबा, तापमान मोजणारे तिन्ही सेन्सर (डीएस१८बी२०) एकाच केबलवर ओळीने आहेत: आधी स्वयंपाकघर, मग हॉल, शेवटी तुमची खोली. बोर्डाच्या पेटीपासून तीन दिशांना तीन तारा काढल्या असत्या तर प्रत्येक टोकावरून सिग्नल उलटून आला असता आणि आकडे चुकले असते. डेटा निळ्या तारेत, ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट, तिच्याशी पिळलेल्या निळ्या-पांढऱ्या तारेत, ३.३ व्होल्ट केशरीत. पेटीत डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे.

स्क्रीनवर -१२७ दिसलं तर तो सेन्सर उत्तर देत नाहीये. फक्त तुमच्या खोलीचा गेला, तर हॉलनंतरचा जोड बघा. तिन्ही गेले तर पेटीतला स्क्रू ढिला आहे, रेझिस्टर सुटलाय किंवा कुठेतरी डेटा ग्राउंडला टेकलाय. ८५ दिसलं तर घाबरू नका, खोली तापलेली नाही. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होईपर्यंत सेन्सरमध्ये हाच आकडा असतो. तो वारंवार दिसला तर वीज मध्येच तुटतेय. केशरी तार तपासा.

जोडाला हात लावण्याआधी ५ व्होल्टचा अडॅप्टर काढायचाच. शॉक बसणार नाही, पण स्क्रूड्रायव्हर घसरला तर बोर्ड जाईल. आणि स्टुलावर चढायचं नाही. दोघांनीही नाही. बाबा, तुम्ही फ्यूजची तार बदलायचात तेव्हा टॉर्च मी धरायचे, हात दुखला तरी हलवायचे नाही. आता टॉर्च आई धरेल. पण उंचावरचं काम असेल तर दोघांनी नुसतं थांबायचं, मी माणूस पाठवते.

अडॅप्टर परत लावला की मिनिटभर घुमट उगाचच हालचाल दाखवेल, ती मी धरणार नाही. त्याची जागा बदलू नका. समोरून येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं माणूस त्याला चटकन कळतं, म्हणून तो बाजूच्या भिंतीवर आहे. त्याच्यावर ऊन येऊ देऊ नका, दुपारी पडदा ओढायचा.

दार बंद असूनही "उघडं" दिसलं तर दमट हवेने लाकूड फुगलं असेल. दारावरच्या सेन्सरचं चुंबक आणि स्विच यांत सेंटीमीटरभरच अंतर हवं. जोर लावून दार ढकलू नका गं आई, खांदा दुखेल. चुंबक मी आल्यावर सरकवेन.

रविवारी फोन करते तेव्हा चष्मा आणि हे पत्र जवळ ठेवा, एकेक जोड मिळून बघू.

तुमची,
मनू