टीव्हीवरच्या प्रचाराच्या जाहिरातींच्या सर्टिफिकेटचा अर्ज आम्हालाही बघू द्या

मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

२०२४ च्या विधानसभेच्या वेळची गोष्ट आहे, संध्याकाळी आईची सिरियल चालू असायची आणि प्रत्येक ब्रेकला प्रचाराच्या जाहिराती. त्यातल्या एकीत म्हातारी बाई उंबऱ्यात बसलेली, मागे बासरी, मग मुलगा गावी परत येतो आणि ती हसते, संपली जाहिरात. आईच्या डोळ्यात पाणी. मी विचारलं यात काय करणार म्हणून सांगितलं गं, तर तिला काही सांगता येईना, पण "चांगली माणसं दिसतायत" एवढं म्हणाली. हीच माझी आई किराण्याचं बिल दोनदा तपासून घेते.

आणि फक्त तिचंच असं होतं असं नाही हो. २०१४ ला भाजपची "कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा" ही जाहिरात लागायची तेव्हा मलाही पोटात तुटायचं, ते वाक्य अजून आमच्या तोंडात आहे, रस्त्यावर खड्डा दिसला तरी येतं.

टेड ब्रेडर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये प्रयोग केले होते, जाहिरातीतलं बोलणं तेच ठेवलं आणि फक्त म्युझिक आणि चित्रं बदलली, तर बघणाऱ्यांवरचा परिणाम बदलला. म्हणजे काम शब्द करत नाहीत, बासरी करते. लाडक्या बहिणीचे १५०० चे २१०० करू असं महायुती म्हणाली, आघाडी ३००० म्हणाली, त्यावर निदान भांडता तरी येतं की पैसे आणणार कुठून. बासरीशी कसं भांडायचं?

भावनांवर बंदी घाला असं मी अजिबात म्हणत नाहीये. शेतकऱ्याचं दुःख कोरडेपणाने मांडताच येत नाही, आणि कुठली भावना खरी हे सरकारी कमिटीने ठरवणं तर मला नकोच आहे.

माझं मागणं साधं आहे. सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या आदेशापासून टीव्हीवरच्या प्रत्येक राजकीय जाहिरातीला आधी सर्टिफिकेट लागतं, ते तुमची एमसीएमसी, म्हणजे अशा जाहिराती तपासणारी समिती, देते, आणि त्या अर्जात जाहिरातीच्या कॉपीसोबत तिच्यातला सगळा मजकूर, बनवायला किती खर्च आला, किती वेळा दाखवणार, त्याला अंदाजे किती लागणार हे सगळं भरून द्यावं लागतं. म्हणजे मतदानाच्या आधीच तुमच्या टेबलावर असतं ते. आमच्यापर्यंत मात्र फक्त बासरी पोचते. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, पक्षाला तर मर्यादाच नाही, आणि पक्षाने खर्चाचा हिशोब द्यायचा तो निवडणूक संपल्यावर ७५ दिवसांत, तेव्हा सरकार बसून बजेटची तयारी चालू झालेली असते, त्या आकड्याचं आम्ही काय करायचं?

म्हणून विनंती, की सर्टिफिकेट दिलं त्याच दिवशी तो अर्ज जाहिरातीसकट वेबसाइटवर टाका, पैसे कोणी दिले, किती दिले, कुठल्या चॅनेलवर किती वेळा. आईला मी तो उघडून दाखवेन, मग तिने मत कोणालाही द्यावं. फक्त मराठीत टाका आणि मोबाईलवर वाचता येईल असं टाका, स्कॅन केलेला अंधुक कागद नको, तिला चष्म्यानेसुद्धा बारीक अक्षर दिसत नाही.

आपला,
सातारा जिल्ह्यातला एक मतदार